अक्षराचे नऊशे

बडकस चौकात, झेरॉक्सच्या दुकानामागच्या अर्ध्या खोलीत
कूलरच्या वाळ्याचा आणि लॅमिनेशनचा वास
जिथे एक होतो, तिथे मी बसतो.
मे महिना. बाहेर लोक तोंडाला दुपट्टे बांधून,
आत मी अक्षरं लावत.

निनावे बाई आल्या गोळीबार चौकातून,
पिशवीत मसाल्याची पाकिटं, अजून कोरी.
आडनाव निनावे, आणि पाहिजे होतं नाव,
हे त्यांनाच आधी सुचलं, त्याच आधी हसल्या.
"काळा मसाला मोठ्ठं लिहा जी,
लोकाईले दुरून दिसलं पाहिजे."

आदल्या रात्री उतरवलेला फॉन्ट लावला.
त्यातला ळ असा,
की कुणी पाटावर मांडी घालून बसलंय
आणि उठायची घाई नाही.
बाई म्हणाल्या, हाच.

फॉन्ट फुकट होता. तसं ठळक लिहिलेलंच होतं.
झिपमध्ये दोन फाइली: एक अक्षरांची, एक मजकुराची.
दुसरी मी चौदा वर्षांत कधी उघडली नव्हती.
त्या दिवशीही उघडायची नव्हती,
बोट घसरलं, एवढंच.

"वैयक्तिक वापरासाठी मोफत.
धंद्यासाठी वापरणार असाल तर कृपया विचारा."
खाली एक ई-मेल. नाव नाही.

पाणपोईवर कोणी असं लिहीत नाही,
पण कळतं आपल्याला:
प्या, तोंडावर मारा, पोराची बाटली भरा.
टँकर लावू नका.

आणि मग आठवली बोरघरेंच्या मुलीची पत्रिका.
लग्न म्हणजे घरचंच की, वैयक्तिक.
पण साडेचारशे पत्रिकांचे पैसे मी मोजून घेतले होते.
लग्न त्यांचं. धंदा माझा.

बाईंना दुसरा फॉन्ट दाखवला,
ज्याच्या लायसन्समध्ये सगळं मोकळं,
छापा, विका, वाटा, वाटल्यास बदला,
फक्त नुसता फॉन्ट तेवढा विकू नका.
बाईंनी चष्मा पुसला.
"याचा ळ उभाच आहे. चहा न पेता चाललेल्या पाव्हण्यावानी."

मी समजावायला बसलो, फुकट वेगळं, मोकळं वेगळं,
तर अर्ध्यातच हात वर केला.
"आमच्या बाबानं एक काठ काढला होता,
माह्या मायच्या लुगड्यासाठी.
इतवारीतल्या सेठनं एक दिवस मागून नेलं, पाहाले.
दिवाळीले गल्लीभर तोच काठ.
बाबा काही बोलला नाही.
मंग नवीन काही काढलंही नाही."
कूलरमध्ये पाणी संपल्याचा आवाज यायला लागला.
"विचार त्याले," बाई म्हणाल्या. "किती घेते?"

उत्तर नवव्या दिवशी आलं, दोन ओळींचं.
घरगुती उद्योगाला नऊशे.
ळ आवडला हे वाचून बरं वाटलं, सगळ्यात जास्त दिवस त्यालाच लागले.
याही वेळी नाव नाही, नुसतं खातं.

बाईंनी घासाघीस केली, माझ्याशी, लॅमिनेशनच्या दरावरून,
पार पंचवीस पैशांपर्यंत.
नऊशेला हात लावला नाही.

बिलबुकात रकाने आहेत:
डिझाइन, छपाई, कटिंग, लॅमिनेशन, इतर.
'इतर' खोडलं आणि बॉलपेननं लिहिलं,
अक्षराचे ९००.
त्यांनी पावती पाकिटासारखी दुमडली,
मसाल्याच्या पिशवीत टाकली.
आता तिलाही वास लागेल.

बोरघरेंचं फोल्डर अजून आहे,
फायनल, फायनल-नवीन, फायनल-हेच-छापा.
त्याबद्दलचा मेल मी लिहून ठेवलाय.
'कृपया'नंतर काय लिहावं
ते अजून ठरत नाही.