वॉलपेपरच्या पाठीवर

चॅपलच्या मागल्या खोलीत दर गुरुवारी
आम्ही सात म्हातारी माणसं एक गल्ली काढतो.
उरलेल्या वॉलपेपरची गुंडाळी उलटी पसरायची,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार मग,
पेन्सिल क्लिफर्ड लंबकडे,
कारण त्याचा हात अजून थरथरत नाही.

टेन्टर रो. पाडली त्याला पन्नास वर्षं झाली.
आता तिथे गाड्या उभ्या राहतात, तिकिटाचं यंत्र आहे,
आणि एक पाटी : इथे लोकरीचे तागे वाळवत असत.

घोड्यांचा हौद नेमका कुठे होता यावरून
एनिड आणि क्लिफर्ड तीन आठवडे बोलत नव्हते.
शेवटी हौद दोन काढले.
संडास मात्र सगळ्यांना बिनचूक आठवतात,
अंगणापलीकडे, चार घरांत एक,
आत खिळ्याला टांगलेले वर्तमानपत्राचे चौकोन.
त्यांच्यावर मी वाचायला शिकले.
बातमी नेहमी अर्धीच असायची.

भंगारवाला चिंध्या घेऊन दगडाची वडी द्यायचा,
पांढरी किंवा पिवळसर.
शुक्रवारी बायका गुडघे टेकून
दारच्या पायरीला त्याची कड काढायच्या.
कड वाकडी तर संसार वाकडा,
इतका सरळ हिशेब.

"अकरा नंबर?" क्लिफर्ड विचारतो.

"तो पोलिश," नोरा म्हणते.
"युक्रेनियन गं."
"लॅटव्हियाचा नव्हता का? लढाईनंतर आलेला,
पिंजणखात्यात, कायम रात्रपाळी."
"नाव काय होतं?"
"जो."
ज्याचं नाव फोरमनच्या तोंडात मावत नसे
त्या प्रत्येकाला जो म्हणायचे.

बाप्या माणूस असून स्वतः पायरी घासायचा.
पडद्यांमागून अख्खी गल्ली हसायची.
त्याची कड सगळ्यांत सरळ होती
हे तेव्हा कुणी बोललं नाही.
आज नोरा बोलली, बिस्किट चहात बुडवताना.

त्याचं सामान मी आणायचे.
पाव, मार्जरीन, कोबी, पाव पौंड चहा.
दुकान सहकारी. घरटी एक नंबर,
खरेदीच्या हिशेबानं वर्षाअखेर लाभांश.
माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा,
लग्नाची तारीख चुकेल, आईचा नंबर चुकणार नाही.
चार एक सात दोन.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं त्याला,
तुमचा नंबर काय सांगू?
मुठीत धरून गरम झालेली नाणी माझ्या हातावर ठेवत म्हणाला,
"आईचा सांग तुझ्या.
मी किती दिवस आहे इथे?"

नऊ वर्षं होता.

डिसेंबरात आई टेबलावर पैसे दोनदा मोजायची.
दुकानवाल्यांची चूक आहे, म्हणायची, तोंड उघडू नकोस.
नाही उघडलं.
त्या चुकीतून एक लाल कोट आला,
पुढल्या वर्षी बूट,
एका नाताळला संत्र्यांची अख्खी पिशवी.
तोच कोट घालून मी त्याच्या दारात उभी राहायचे.
वरचं बटण लाव, एवढंच म्हणायचा.

मग एका शुक्रवारी पायरी तशीच राहिली.
कुठे गेला, कुणी विचारलं नाही,
मीही नाही, मी तेव्हा चौदाची होते आणि कोट लहान झाला होता.

दुकानाच्या वह्या पुरात भिजून लगदा झाल्या म्हणतात.
असत्या तरी त्यांत तो सापडला नसता.
तिथे फक्त आम्ही,
ऐपतीबाहेर चहा पिणारं एक कुटुंब.

"अकरा मोकळं सोडू?"

मी पेन्सिल मागून घेतली.
दार काढलं, खिडकी काढली.
पायरीची कड वाकडी आली, खोडली, परत काढली.
नावाच्या जागी लिहिलं :
चार एक सात दोन.

"अगं, हा तर तुमचा," एनिड म्हणाली.
"एक नंबर दोन घरांना कसा?" क्लिफर्डनं विचारलं.

हौद दोन चालतात, मी म्हटलं.