बिजवर

हळद मार्केटातून आलाय.
झाकण काढलं आणि दुकानभर वास.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटींत,
मदरबोर्डच्या गल्लीबोळांत
अकरा वर्षांची राजापुरी,
वस्त्रगाळ.

शांतिनाथ चौगुले म्हणाले,
"भंगारात किलोवर जाईल. तुला हवा तर ने.
फक्त आतली उधारी पूस."
पुसली.
तीनदा पुसली, चौथ्यांदा खात्री केली.
नावं वाचली नाहीत.
(एक वाचलं. आमच्याच गल्लीतलं.)

मग रंगाचा ब्रश, मग ब्लोअर.
पंख्याच्या बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.
रॅम घातली ती मिरजेच्या पतसंस्थेतल्या
मेलेल्या मशीनची.
मेल्यानं दिलं, जित्यानं घेतलं.
आणि वर लिनक्स टाकलं,
कारण जड जेवण त्याला आता पचायचं नाही.

लोक म्हणतात, नवाच घ्यावा, काय एवढा जीव काढतेस.
नवा कुठून कुठून येतो!
कुठल्यातरी डोंगराचं पोट फाडून त्याचं तांबं,
कुठल्यातरी नदीचं पाणी त्याच्या चिपा धुवायला,
मग जहाज, मग ट्रक, मग थर्माकोल.
आपण बटण दाबायच्या आधीच
त्याच्या वाट्याचा केवढातरी धूर सोडून झालेला असतो.
आपल्या वीजबिलात तो दिसत नाही.
या पिवळ्याचा धूर अकरा वर्षांमागेच सुटलाय.
याला पुन्हा उभं करायचं
म्हणजे झाल्या खर्चाची लाज राखायची, एवढंच.

आणि नाही उभं केलं तर काय होतं, तेही पाहिलंय.
एकोणीसच्या पुरानंतर
ओढ्याकाठी रात्री-रात्री वायरी जळायच्या.
तांब्याची ज्योत हिरवी असते.
खोटं कशाला बोलू, सुंदर असते.
भंगारवाल्या यल्लाप्पाचा धाकटा
तिच्यावर हात शेकत बसायचा,
खोकायचा, पुन्हा शेकायचा.
ओढा पुढं कृष्णेला जाऊन मिळायचा
नेहमीसारखाच,
तिला काही न सांगता.

माझ्या आईचा पाट लागला तेव्हा मी सहा वर्षांची.
पाटाला हळद नसते, बायका म्हणाल्या,
ती एकदाच लागते.
रात्री, चार माणसांत उरकलं.
आईनं येताना आपलं पितळी पातेलं आणलं होतं,
बुडाला दोन ठिकाणी डाख.
त्या पातेल्यानं आम्हा पाच जणांना वाढवलं.
तिसऱ्यांदा गळलं तेव्हा
मी तांबटाशेजारी उकिडवी बसून पाहिलं
डाख कसा पसरतो, कसा चमकतो,
आणि कसा गप्प होतो.
माझं शिक्षण तेवढंच. बाकीचं नंतरचं.

सगळे जगत नाहीत.
मागच्या खोलीत सोळा बोर्ड आहेत, कपॅसिटर फुगलेले,
आणि चार जाड काचेचे मॉनिटर.
त्यांच्या पोटातलं शिसं कुठं ठेवावं
मला अजून कळलेलं नाही.
ते दार मी शक्यतो उघडत नाही.

हा मात्र उद्या जतकडं चाललाय,
एसटीत सीटखाली नाही, माझ्या मांडीवर.
बिराजदार बाईंच्या शाळेत सतरा पोरं,
आजवर संगणक पाहिलाय तो पुस्तकातल्या चित्रात.
बाई फोनवर दबक्या आवाजात विचारत होत्या,
"जुनाच आहे ना हो?"
म्हटलं, बिजवर आहे बाई.
संसार माहीत आहे त्याला.

निघताना शेवटचं पुसलं.
तरी एंटरच्या बटणाखाली
थोडी पिवळी राहिलीच.
फडकं हातात होतं.
ठेवून दिलं.