उजवीकडची जागा

जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसून
मी नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, दोन कैऱ्या,
आणि तुझ्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली.
तरी कूलर त्याला उचलू पाहतो.
बाहेर सेहेचाळीस. रस्त्यावर कुत्रंही नाही.

उमाठे, मी म्हटलं, गाडी मिळतेय.
छोटी, पांढरी, गिअरवाली.
ऑटोमॅटिकला जवळजवळ दुप्पट भाडं.
दुप्पट कायले, तू म्हणालास,
चाळीस वर्षं हातानंच टाकले ना गिअर?
कोणाच्या हातानं, ते मी विचारलं नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं:
हा पडदा, हा मधला ठिपका. हा गेला.
कडा राहतील.
तेव्हापासून तुला मला पाहायचं असलं
की तू माझ्या कानाकडे पाहतोस.

पॅरिस नको, म्हणालास. ते पार मधात.
मले दिसणार नाही.
कडेकडेनं जाऊ.
झिरो माइलच्या खांबापासून दोन किलोमीटरवर
आपला सगळा संसार झाला, उमाठे,
आणि हे तुला आत्ता सुचलं.

मग मी हायवे सोडून दिले,
केसासारखे बारीक रस्ते धरले.
एका गावात चर्च आणि बेकरी,
पुढच्यात नुसतं चर्च.
नावं मोठ्यानं वाचू लागले
तर लिहिलेली दहा अक्षरं, बोलायची चार.
बाकीची गिळायची.
सावनेरच्या मामासारखं, तू म्हणालास,
पान तोंडात असताना.

वहीत लाल पेननं लिहिलं:
गाझोल म्हणजे डिझेल. पेट्रोल नव्हे!
चुकलं तर इंजिन गेलं, डिपॉझिट गेलं.
आणि बारा ते दोन गाडीवाल्याचं ऑफिस बंद,
जेवायला जातात.
हे ऐकून तू इतका खूश झालास
जसं तिकडे कोणी नात्यातलं निघालं.

पहाटे साडेपाचला, बेसा रोडच्या पलीकडे,
जिथे घरांऐवजी अजून प्लॉटचे दगडच आहेत,
मी रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवते.
चौकीदारानं शिट्टी मारली,
मॅडम, राँग साइड!
तू काच खाली केलीस.
भाऊ, प्रॅक्टिस सुरू आहे, फ्रान्सची.
तो निमूट बाजूला झाला
आणि आमच्या मागे बघत राहिला,
अजून किती येतात म्हणून.

घरी खुर्चीत बसून
उजव्या हातानं लाटण्याचा गिअर टाकते.
पहिला. दुसरा. तिसऱ्याला मनगट अडतं.
शेंडेबाई वाटी परत द्यायला आल्या,
वाटी ठेवून, काही न विचारता गेल्या.

तिथे एक नियम आहे. खेड्यात पाटी नसेल
तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं,
तो बैलगाडीच्या चालीनं का येईना.
दोनदा वाचून दाखवलं तुला.
उजवी कड तुझी, मी म्हटलं. तेवढी सांभाळ.

रात्री लाइट गेली.
गच्चीवरही वारा नव्हता. पडल्या पडल्या
गाडीचं चित्र डोळ्यासमोर आणलं
आणि मला एकदम दिसलं:
स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे मी डावीकडे,
म्हणजे तू उजवीकडे.
काटोलला जाताना बसायचास तिथे,
आईला मेडिकलला नेलं त्या रात्री होतास तिथे.
तीच जागा. समोर फक्त चाक नाही.

सांगावं की नाही, या विचारात
कूस बदलली, तर तू जागाच.
म्हणालास, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं ते.

बऱ्याच वेळानं, अंधारात:
पण ब्रेक लागला तर मी कुठं दाबू?

जमिनीवर, मी म्हटलं. जोरात दाबायचा.
चाळीस वर्षं मी कुठे दाबत होते?