वाण आणि गुण

महापेला सहाव्या मजल्यावर
एसीच्या गारठ्यात शाल घेऊन बसलेय मी.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, खाडी नाही.
खाडी माझ्या पडद्यावर आहे:
ऐरोलीच्या पाण्याचा एक पंधरवडा,
आठ दिवस जुने, सात नवे.

जुनी रेघ काळूराम मढवींची.
जेट्टीच्या खांबाला रंगवलेली पट्टी,
तिच्यावर दिवसातून चारदा पाणी वाचायचे ते.
मीटर, सेंटिमीटर, आणि पुढं शेरा:
"भांगाचं पाणी. चिंबोऱ्या बऱ्या."
शेऱ्याला आलेखात अक्ष नसतो.
तो रकाना आम्ही पहिल्याच दिवशी उडवला.

मार्चअखेर ते निवृत्त झाले.
आता त्याच खांबाला सेन्सर आहे,
दर सहा मिनिटांनी बोलतो,
रात्रीसुद्धा, कुणी विचारलं नाही तरी.

सबनीस सरांचा निरोप: सांधा दिसता कामा नये.

काम तसं एका ओळीचं.
नव्या रेघेला सांगायचं, हिच्याकडून घे.
निळा घे, थोडा गढूळ, शाईहून फिका.
जाडी दीड.
पारदर्शकता घे, मागची चौकट दिसू दे.
मोजल्या जागी पोकळ गोळा, तोही घे.
आकडे मात्र तुझे तुझ्यापाशी.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
पण इथं म्हण उलटी चालते.
वाण लागतो. गुण लागत नाही.

चालवून पाहिलं, तर नवी रेघच नाही.
आकडे जागेवर, अक्षानं जागाही सोडलेली,
जशी पंगतीत न आलेल्याची पत्रावळ.
पाऊण तास गेला. चहा निवला.
मग आठवलं, सकाळी मीच जुनी रेघ लपवली होती,
नवी नीट बघता यावी म्हणून.
लपलेपण हाही एक गुणधर्म.
निळ्यासोबत तोही गेला, मुकाट.

म्हणजे गुण लागतो कधीकधी. नको तो.

दोघींना उघडं केलं.
आता जुनीवर बत्तीस गोळे, सुटे सुटे,
मधल्या जागेत वारा खेळेल असे.
नवीवर सोळाशे ऐंशी.
एकावर एक, एकात एक, पोकळपणा बुजलेला,
खाडीच्या जागी एक निळा दोरखंड.

तेव्हा कळलं,
गोळा म्हणजे पाणी नव्हे.
गोळा म्हणजे तिथं कुणी उभं होतं.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चष्मा कपाळावर,
कानाला पेन्सिल.
दोन गोळ्यांमधली रेघ यंत्रानं ओढलेली, अंदाजानं,
आणि त्या अंदाजात मढवी
घरी जेवत असतील, जाळं विणत असतील, झोपले असतील.

सेन्सर कुठंच गेलेला नसतो.
त्याच्यासाठी कुठली खूण काढायची?

गोळे काढून टाकले, फक्त नव्या रेघेचे.
रंग राहू दिला, जाडीही.
सर विचारतील, सांधा का दिसतो.
काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

फाइल जतन करण्याआधी
उगाच कर्सर नेला शेवटच्या गोळ्यावर.
एकतीस मार्च, संध्याकाळचे सहा दहा.
दोन मीटर सदतीस.
पाणी उतरतीला.