पुढचं उजवं चाक

क्विन्सीच्या उतारावर पॅडल
तळपायाखाली थरथरायला लागलं,
मांजर घुरघुरतं तसं, पण मायेनं नव्हे.
खाली पूल, पुलाआधी लाल दिवा,
मागच्या हौद्यात शेगडीच्या लाकडी गोळ्यांची अकरा पोती.
गाडी थांबली.
रेषेच्या हातभर पुढे.

मार्च महिना. हॅनकॉक, मिशिगन.
बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेला.
शेडमध्ये जॅक लावला, चाक उतरवलं,
टॉर्च मारून रोटर पाहिला :
कडेचे पापुद्रे सुटलेले,
तव्यावर विसरलेल्या नाचणीच्या भाकरीसारखे.
आतल्या अंगाला बोटभर रुंदीची
एकच पट्टी चकचकीत.
म्हणजे इतके दिवस मी
तेवढ्या बोटभर पट्टीवर थांबत होते.

नऊ हिवाळे या ट्रकनं
रस्त्यावर फेकलेलं मीठ खाल्लं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हा जागला.
मिठालाच जागला, मला नाही.

शिरोड्याला आमचं घर मिठागराला लागून.
दर दोन वर्षांनी बिजागऱ्या बदलायच्या,
खिडकीचे गज बोटांनी सोलता यायचे.
बाबा म्हणायचे,
"लोखंड आपला न्हय गो, वाऱ्याचा.
वापरूक दिल्यान हा."
मला वाटलं होतं, समुद्र हजार मैल मागे टाकला,
सुटले.

शेजारचा आर्व्हो कंगास
पाच पौंडी हातोडा घेऊन आला.
विचारलं काहीच नाही.
त्याच्या घरी शब्द सरपणासारखे,
मोजून जाळतात.
कॅलिपर आम्ही तारेनं बांधून टांगला,
होसवर भार नको म्हणून.
रोटरचा छोटा स्क्रू डोकं सोडून निघाला,
उरलेला ड्रिलनं खाल्ला.
मग तेल. मग ठोके :
दोन स्टडच्या मधोमध एक,
हब थोडा फिरव, पुन्हा एक.
"आवाज ऐक," आर्व्हो म्हणाला.
ठप्प आला तर चिकटलाय.
ठण् आला तर सुटला.

ठप्प.
ठप्प.
दोन तास ठप्प.
मी मालवणीत शिव्या दिल्या, त्यानं फिनिशमध्ये,
आणि पहिल्यांदाच आम्हाला
एकमेकांचं सगळं कळलं.

शेवटी हातोडा जमिनीवर ठेवून
त्याच्या स्वयंपाकघरात गेलो.
कॉफी. वेलचीचा पाव,
ज्याला ते निसू म्हणतात.
वेलची जाडसर कुटलेली, दाताखाली आली.
कुटते कोण, विचारलं.
"मीच," म्हणाला. "आयली गेल्यापासून."

तेवढ्यात शेडमधून आवाज आला.
ठप्प नाही, ठण् नाही.
धप्.
कुणी हात लावला नव्हता.
तेल आपल्या चालीनं आत झिरपत गेलं असेल,
किंवा दुपारचं ऊन पत्र्यावर आलं म्हणून.
आम्ही धावलो नाही.
आधी पाव संपवला.

नंतरचं सगळं सोपं :
तारेच्या ब्रशनं हब घासला,
नव्या रोटरचं कारखान्याचं तेल पुसलं,
नट आडवे-तिडवे आवळले.
संध्याकाळी विमानतळाच्या रिकाम्या रस्त्यावर
तीसवरून पाचवर, पुन्हा तीसवरून पाचवर,
जळका वास येईपर्यंत.
पॅडल गप्प.
डावी बाजू पुढच्या शनिवारी.

जुना रोटर आर्व्होनं मागून घेतला.
कशाला, ते सांगितलं नाही.

जूनमध्ये कळलं.
कालव्यातून पार सरोवराच्या तोंडाशी नेलं त्यानं मला,
पर्च मासे धरायला.
मी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.
एवढं अफाट, क्षितिजापर्यंत,
आणि अळणी.
आई असती तर चिमूटभर मीठ मागितलं असतं.

आर्व्होनं फळीखालून रोटर काढला,
मधल्या भोकातून दोर ओवलेला,
आणि मला दिला.
गंज तळव्याला लागला.
मी तो कडेवरून सोडला.
दोर हातातून सरसरत गेला,
बराच वेळ गेला,
मग सैल पडला.

बोट थांबली.