अन्निसितु

तिपटूरला, खोबऱ्याच्या गोदामात,
लिलाव नसलेल्या दिवशी
आमची तालीम चालते.
पोती भिंतीला सारायची, खडूनं जमिनीवर घर आखायचं:
हा उंबरा, ही पडवी, ही मास्तरांची खोली.
मास्तर म्हणजे तिप्पेस्वामी. वीजमंडळात लाइनमन.
खांबावरून उतरला की थेट येतो,
कमरेचा पट्टा सोडायचं विसरतो,
आणि साठ वर्षांपूर्वीच्या एका अबोल माणसाच्या चालण्यात
पकडी-पान्ह्यांचा आवाज येतो.

कथा अकरा पानांची.
लेखक जाऊनही जमाना झाला.
त्यांच्या मुलीनं पोस्टकार्डावर परवानगी पाठवली,
एकच अट घालून:
प्रेम हा शब्द कुठं घालू नका,
अप्पांनी तो घातला नव्हता.

खरंच नव्हता. मी दोनदा शोधला.
होतं ते एवढंच:
भाडेकरू मास्तर, घरमालकाची विधवा बहीण,
दुपारी उंबऱ्यावर ताकाचा पेला,
संध्याकाळी तिथंच उष्टा पेला.
चार वर्षं.
मग मास्तरांची बदली होते
आणि शेवटच्या दिवशी पेला
धुऊन पालथा घातलेला असतो.

बाकी सगळं अन्निसितु.
‘वाटलं’ला आमच्याकडं म्हणतात अन्निसितु.
तिला अन्निसितु, त्याला अन्निसितु,
एकदा तर मांजरालाही.
कागदावर चालतं ते, कागदाला आत असतं.
रंगमंचाला आत नसतं, विंग असते.

लाल पेन घेऊन बसलो. एकेचाळीस निघाले.
एक दिलं बादलीच्या कडीला,
दोन मास्तरांच्या चपलांना,
पाचसहा रफीकच्या पिवळ्या दिव्यावर टाकली,
तर तो म्हणाला, सर, बल्ब एकच आहे,
त्याला इतकं नाही पेलायचं.
मांजराचं सरळ काढून टाकलं.

एक मात्र कुठंच बसेना. शेवटचं.
पालथा पेला बघून
तिला वाटलं, आता धुवायला काही उरलं नाही.

तीन आठवडे त्या ओळीपाशी अडलो.
शेवटी एक शेजारीण घातली, तिच्या तोंडी प्रश्न दिले,
हिच्या तोंडी उसासा.
रत्नप्रभा बँकेच्या काउंटरवर नोटा मोजते.
तशीच तिनं माझी वाक्यं मोजली
आणि बनावट निघाल्यासारखी परत सरकवली.
‘सर, ही बाई शेजारणीशी बोलणारी नाही.
बोलणारी असती तर
चार वर्षं ताक कशाला घुसळत बसली असती?’

मग खडूच्या उंबऱ्याशी टेकली.
पेला उचलला, आत पाहिलं,
आणि धुवायला लागली.
स्वच्छ पेला. पाणी नाही, राख नाही,
हंडा तर आम्ही अजून आणलाच नव्हता.
बोटं आतून फिरत राहिली,
काठावरून, बुडाशी, परत काठावरून.
मी सूचना द्यायला तोंड उघडलं
आणि तसंच ठेवलं.
तिप्पेस्वामीचा पट्टासुद्धा वाजला नाही.

बैरण्णा हमाल पोत्यांवर झोपलेला,
केव्हा उठून बसला कुणास ठाऊक.
‘अजून किती धुणार ती?’ म्हणाला,
चिडून, जणू
थांबवणं आमच्या हातात होतं.

रात्री पक्की प्रत काढताना शेजारीण खोडली.
तिच्या जागी लिहिलं: ती पेला धुते.
किती वेळ, ते लिहिलं नाही.

मुलीला कार्ड टाकलं:
अट पाळली आहे. प्रयोगाला यावं.
मांजर गाळलं, क्षमा असावी.

अजून दोन कथा राहिल्यात.
पुढची तर फारच अवघड. तीत दोघं
भेटतच नाहीत.