दुपारची बॅच

सहकारनगरच्या तलावावर बायकांची बॅच तीन ते चार.
फाटकावर पाटी: टोपी सक्तीची आहे.
तिच्याखाली दुसरी: केस कमी असले तरीही.
त्याखाली कुणीतरी पेनाने: बरं.

सोळाव्या वर्षापर्यंत मी पाण्यात नव्हतेच,
घड्याळात होते.
काठावर बाबा, गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच.
भिंतीला हात लागला की आधी त्यांचा अंगठा बघायचा,
मग चेहरा.
चेहऱ्यावरून कळायचं
आज जेवताना कोण बोलणार, कोण नाही.
राज्याच्या निवडीत सतरा शतांश सेकंद कमी पडले.
सतरा शतांश म्हणजे किती,
अजून कधी कधी करून बघते:
पापणी मिटून उघडेपर्यंत
ते होऊन गेलेलं असतं.

मग तीस वर्षं पाणी म्हणजे
गुरुवारी बंद, शुक्रवारी कमी दाबाने,
गच्चीवरची टाकी, तिचा कॉक,
आणि वरच्या मजल्यावरच्या लेल्यांशी भांडण.

मग गुडघा.
डॉक्टर म्हणाल्या, पोहा.
पोहे खा म्हणावं तितक्या सहज.

पहिले पंधरा दिवस मी मोजलंच.
जाऊन एक, येऊन दोन, गिळत गिळत चाळीस.
शेजारी तांबोळीबाई. वय एकसष्ट,
रविवार पेठेत अस्तर-फॉलचं दुकान,
कमरेला पत्र्याचा डबा.
तीन हात जातात, नाकात पाणी, ठसका,
आणि मग हसतात, असं
की जीवरक्षक पोरगी मोबाईलमधून मान वर काढते.
मी विचारलं, "कधीपर्यंत पोचाल पलीकडे?"
बाईंनी पलीकडे पाहिलं,
तलावाला ती बाजू आहे हे आजच कळल्यासारखं.
"पलीकडं काय हाय?"

पलीकडे दोन शॉवर होते.
एक बंद, एक गळका.
त्याच्याखाली कुणाची तरी हिरवी बादली.

मला एकदम काही उमगलं वगैरे नाही.
दुसऱ्या दिवशी परत मोजलं.
तिसऱ्या दिवशी अठरा की एकोणीस, ते हरवलं,
मागे वळून शोधलं, तर मागे
मी आत्ताच जिथून आले ते पाणी
मिटूनही गेलं होतं.

तशीच उताणी झाले.
कान बुडले आणि सातारा रस्ता बंद पडला.
वर तळजाईकडची एक घार,
गोल, परत गोल,
भक्ष्याचं नावही नाही,
नुसती उन्हाला पाठ देत.
आणि खाली, पाठीखाली,
जे मी लहानपणभर कापत आले
ते मला धरून होतं.

चिपळूणकर मॅडम काठावरून ओरडल्या,
"अहो, काय सुरेख हात आहे तुमचा!
डिसेंबरात प्रौढ गटाच्या स्पर्धा आहेत, नाव देऊ?"
माझ्या आत एक कुत्रं आहे,
शिट्टी वाजली की उठणारं.
ते उठलं. खोटं कशाला बोलू, शेपूटही हलवली.
दोनदा गिरकी घेतली
आणि होतं तिथेच बसलं.
"नको," म्हटलं, "डिसेंबरात आम्ही
पाण्याखाली बोलायला शिकणार आहोत."
तांबोळीबाईंनी लगेच डोकं बुडवून
काहीतरी सांगितलं.
बुडबुडे वर आले. अर्थ खालीच राहिला.

घरी बाबा गॅलरीत. ब्याऐंशी.
माझे ओले केस बघतात
आणि त्यांचा अंगठा, त्यांच्या नकळत,
हवेत काहीतरी दाबतो.
"किती?"

स्टॉपवॉच शोकेसच्या खणात आहे,
सेल केव्हाच काढून टाकलेला.
हे त्यांनाही माहीत आहे.

"पाणी गार होतं," मी सांगते.

कुकरची एक शिट्टी होते.

"किती गार?"

"भरपूर, बाबा."